'ग्रॅम' म्हणजे वजन की हरभरा? लेबल, यादी आणि भाषांतरातला नेहमीचा घोळ कसा सोडवायचा

लातूर, उदगीर, परभणी, हिंगोलीकडे इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या शेतीच्या कागदांमध्ये एक चूक हंगामागून हंगाम येत राहते. बियाण्याच्या पिशवीवरच्या 'रेड ग्रॅम'चे, म्हणजे तुरीचे, पत्रकात 'लाल हरभरा' होते. 'हॉर्स ग्रॅम'चे 'घोडा ग्रॅम' होते आणि 'ग्रॅम फ्लोअर'चे 'ग्रॅम पीठ'. उलट बाजूनेही बिघडते. कुणी एक्सेलमध्ये 'ग्रॅम'च्या जागी सरसकट 'हरभरा' टाकला की 'किलोहरभरा' नावाचे एकक तयार होते, आणि पुढच्या रकान्यात 'हरभरा पंचायत' बसलेली असते.

वाचताना हे गमतीचे वाटते, पण तूर आणि हरभरा यांचा भाव, बियाण्याचे प्रमाण, पेरणीचा हंगाम आणि फवारणीची वेळ यांतले काहीच सारखे नाही. तूर २०२५च्या सुरुवातीला मोंढ्यात येत होती तेव्हा तिचा हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये होता. त्याच उन्हाळ्यात विकल्या गेलेल्या हरभऱ्याचा ५,६५० रुपये. 'रेड ग्रॅम' वाचून हरभऱ्याचा दर लावला तर क्विंटलमागे १,९०० रुपयांचा फरक पडतो. बियाण्याचेही तसेच. विजयसारख्या मध्यम दाण्याच्या हरभऱ्याला हेक्टरी ६५ ते ७० किलो बियाणे लागते, तुरीला १२ ते १५ किलो पुरते. म्हणून ही चूक 'भाषेची किरकोळ गडबड' म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

बिघाडाचे मूळ: एक स्पेलिंग, दोन शब्द

बरेच जण समजतात की इंग्रजीत एकच शब्द आहे आणि त्याचे दोन अर्थ आहेत, म्हणजे कुठेतरी दाण्यावरून वजन आले असावे, जसे आपल्याकडे सोनाराची गुंज बीच आणि वजनही गुंजच. इथे तसे नाही. हे दोन वेगवेगळ्या घरांतून आलेले शब्द आहेत आणि योगायोगाने त्यांचे स्पेलिंग एक झाले आहे.

कडधान्याचा ग्रॅम पोर्तुगीजांकडून आला. लॅटिनमध्ये 'ग्रानुम' म्हणजे दाणा. त्याचे पोर्तुगीज रूप आज 'ग्राँव' असे नाकातून उच्चारतात, पण जुन्या पोर्तुगीजमध्ये ते 'ग्राम' असेही लिहीत. हरभऱ्याला पोर्तुगीजमध्ये आजही 'ग्राँव द बिकु' म्हणतात, म्हणजे चोचीचा दाणा. हरभऱ्याच्या दाण्याला एका टोकाला जी चोच असते, ती पाहिली की हे नाव लगेच पटते. पश्चिम किनाऱ्यावरच्या पोर्तुगीजांच्या तोंडचा हा शब्द अठराव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या लिहिण्यात रुळला, तो मुख्यतः घोड्यांचा खुराक या अर्थाने. उत्तरेत घोड्याला हरभरा घालत, म्हणून तिकडे ग्रॅम म्हणजे हरभरा. मद्रासकडे घोड्याला हुलगा, म्हणजे कुळीथ, घालत, म्हणून तिकडे ग्रॅम म्हणजे हुलगा. दोन्ही नावे एकमेकांवर आपटू लागली तेव्हा हुलग्याला 'हॉर्स ग्रॅम' आणि हरभऱ्याला 'बेंगाल ग्रॅम' अशी विशेषणे चिकटली. पुढे याच साच्यात तूर, मूग आणि उडीदही रंगांच्या नावाने बसवले गेले. आजच्या घोळाचे मूळ इथेच आहे. मूळ शब्दाचा अर्थ फक्त 'दाणा' असल्यामुळे तो कुठल्याही कडधान्याला लावता आला.

वजनाचा ग्रॅम फ्रान्समधून आला. ७ एप्रिल १७९५च्या फ्रेंच कायद्याने मेट्रिक पद्धतीची नावे ठरली आणि एक घन सेंटिमीटर शुद्ध पाण्याच्या वजनाला 'ग्राम' हे नाव मिळाले. ते ग्रीक 'ग्राम्मा'वरून घेतलेले आहे. ग्राम्मा म्हणजे लिहिलेले अक्षर, आणि नंतरच्या ग्रीकमध्ये औंसाचा चोविसावा भाग, एक लहान वजन. टेलिग्राम, डायग्राम, ग्रामर हे याच घरातले. दाण्याच्या घरातले वेगळे: ग्रेन, ग्रॅन्युल, ग्रॅनाइट. हे नुसते माहितीसाठी नाही, औषधाच्या लेबलवर दोन्ही घराणी एकाच ओळीत येतात तेव्हा हा फरक कामाला येतो. ते खाली आहेच.

वजनाच्या ग्रॅमचे जुने ब्रिटिश स्पेलिंग लांब होते, शेवटी एमएमई लिहीत. ते असते तर वाचताना निदान डोळ्यांना फरक दिसला असता. आखूड स्पेलिंग सगळीकडे रूढ झाले आणि ती खूण गेली.

कोणता ग्रॅम आहे हे कसे ओळखायचे

शब्दाकडे पाहून कळणार नाही. त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूचा शब्द पाहायचा.

डावीकडे आकडा असेल तर वजन. डावीकडे रंग, प्रांत किंवा प्राणी असेल तर कडधान्य. डावीकडे काहीच नसून उजवीकडे पीठ, डाळ, भुसा, पेरणी, भाव, अळी यांपैकी काही असेल तर हरभरा. सरकारी हमीभावाच्या यादीत रब्बी पिकांमध्ये नुसते 'ग्रॅम' असते, तेही हरभराच. तूर, मूग आणि उडीद खरिपाच्या यादीत स्वतःच्या देशी नावांनी येतात.

अनेकवचनही मदत करते. वजन एकाहून जास्त असले की इंग्रजीत 'ग्रॅम्स' होते. पीक बहुधा एकवचनीच राहते. 'फाइव्ह हंड्रेड ग्रॅम्स' आणि 'फाइव्ह हंड्रेड क्विंटल्स ऑफ ग्रॅम' यांतला फरक तेवढ्यावर कळतो. मात्र 'ग्रॅम्स अँड मिलेट्स' असे दिसले तर ती कडधान्ये आणि भरडधान्ये, कारण आधी आकडा नाही.

एकच अडचणीची जागा उरते: आकडा आहे, पण तो पिकाच्या क्षेत्राचा किंवा अनुक्रमाचा आहे. तक्त्यात '७ ग्रॅम' असे शेजारशेजारच्या रकान्यांत दिसते तेव्हा तो बहुधा अनुक्रमांक ७, पीक हरभरा असतो. पीडीएफमधून मजकूर उचलताना रकान्यांच्या रेघा गळतात आणि दोन्ही एका ओळीत येतात. अशा वेळी मूळ पान उघडून रकान्याचे शीर्षक बघावेच लागते, दुसरा उपाय नाही.

रंग बदलला की पीकच बदलते

सगळ्यात महाग चूक ही. मराठीत लाल ज्वारी आणि पांढरी ज्वारी, दोन्ही ज्वारीच. त्यामुळे 'रेड ग्रॅम', 'ब्लॅक ग्रॅम', 'ग्रीन ग्रॅम' हे हरभऱ्याचे रंग आहेत असे वाचणाऱ्याला सहज वाटते. प्रत्यक्षात:

बेंगाल ग्रॅम किंवा नुसते ग्रॅम: हरभरा. चिकपी हेही त्याचेच नाव.
रेड ग्रॅम: तूर. पिजन पी, अरहर हीही तिचीच नावे.
ग्रीन ग्रॅम: मूग.
ब्लॅक ग्रॅम: उडीद.
हॉर्स ग्रॅम: हुलगा, कोकणात कुळीथ.

आता यातले खड्डे. 'रेड ग्रॅम'च्या पिशवीत पांढरा दाणा निघाला तर भेसळ समजू नये. बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा तुरीचा वाण पांढऱ्या दाण्याचाच आहे, बीडीएन ७१६ लाल दाण्याचा. इंग्रजी पीकनाव दोघांचेही रेड ग्रॅम. रंग पिकाच्या नावातला आहे, वाणाच्या दाण्याचा नाही. देगलूर, बिलोली, उदगीरकडे तेलंगणातून येणाऱ्या पिशव्यांवर हे दोन शब्द जोडून एकच शब्द केलेला असतो. त्यामुळे 'रेड ग्रॅम' असे मधे जागा सोडून शोधणाऱ्याला ती नोंद फाइलीत सापडत नाही. शोध दोन्ही पद्धतींनी घ्यावा. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या कागदांत 'पिजनपी' असा सलग शब्द असतो, तिथेही हीच काळजी.

'काला चना' हा हिंदीतला देशी तपकिरी हरभरा. त्याचे कुणी शब्दाला शब्द ठेवून 'ब्लॅक ग्रॅम' केले की तो उडीद होतो. किराणा मालाच्या पाकिटांवर आणि पाककृतींमध्ये ही चूक फार दिसते. ओळखायचे असे: कृतीत रात्रभर भिजवून कुकरला बऱ्याच शिट्ट्या द्यायला सांगितले असेल आणि डाळ न करता अख्खेच खायचे असेल तर तो हरभरा. वाटून आंबवायचे असेल तर उडीद. 'व्हाइट ग्रॅम' दिसले तर त्यावर विश्वास ठेवू नये. कुणी त्याने काबुली हरभरा सुचवतो, कुणी सालपट काढलेला उडीद. मूळ पाठवणाऱ्याला विचारूनच पुढे जावे.

'ग्रीन चिकपी' म्हणजे शेतातले ओले ढाळे, मूग नव्हे. 'रोस्टेड ग्रॅम' म्हणजे फुटाणे किंवा डाळे. 'स्प्लिट' असेल तर डाळ आणि 'होल' असेल तर अख्खे. ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभावांच्या संकेतस्थळावर भाव पाहताना ही जोडी सोडून चालत नाही, कारण तिथे अख्ख्या बेंगाल ग्रॅमची आणि बेंगाल ग्रॅम डाळीची नोंद वेगळी असते. मोंढ्यात विकायला नेलेल्या मालाची तुलना डाळ मिलमधून निघालेल्या डाळीच्या भावाशी केली तर शेतकरी उगाच हवालदिल होतो. त्याच यादीत तुरीचे नाव अरहर, तूर, रेड ग्रॅम असे तिन्ही शब्द मिळून दिलेले आहे. यादी अशी असावी, गोंधळाला जागा राहत नाही. आयात मालाच्या बातम्यांत उडदाचे आणखी एक नाव येते, 'ब्लॅक मात्पे'. ब्रह्मदेशातून येणाऱ्या उडदाचे ते व्यापारी नाव.

शास्त्रीय नावाने खात्री करावी, पण तिथेही एक फसवणूक आहे. हरभरा सायसर एरिएटिनम, तूर कजानस कजान, हुलगा मॅक्रोटिलोमा युनिफ्लोरम. इथवर सरळ. पण विग्ना मुंगो म्हणजे मूग नाही, उडीद. मूग म्हणजे विग्ना रेडिएटा. 'मुंगो' हा शब्द आपल्या मुगावरूनच गेला, पण नामकरणात तो उडदाला चिकटला आणि तसाच राहिला. प्रबंध लिहिणारे विद्यार्थी इथे हमखास अडकतात.

औषधाच्या लेबलवर: एका ओळीत चार 'जी'

तूर आणि हरभऱ्यावरच्या अळीसाठी वापरले जाणारे इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी घेऊ. लेबलवरच्या तक्त्यात पीक, कीड, क्रियाशील घटक, औषधाची मात्रा, पाणी असे रकाने असतात. हरभऱ्याच्या ओळीत हेक्टरी ११ ग्रॅम क्रियाशील घटक, २२० ग्रॅम औषध, ५०० लिटर पाणी असे आकडे आहेत.

पहिली चूक कीड वाचताना होते. अळीचे इंग्रजी नाव 'ग्रॅम पॉड बोअरर'. हा ग्रॅम दाण्याच्या घरातला. मराठीत हरभऱ्यावर ती घाटे अळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, कापसावर हिरवी बोंडअळी. प्राणी एकच, हेलिकोव्हर्पा. म्हणून किडीच्या रकान्यात ग्रॅम आहे एवढ्यावरून औषध हरभऱ्याचे ठरत नाही. पीक पिकाच्याच रकान्यात वाचावे, आणि आपले पीक तिथे नसेल तर ते औषध त्या पिकावर वापरू नये.

दुसरी चूक जास्त नुकसानीची. क्रियाशील घटकाचे ११ ग्रॅम आणि औषधाचे २२० ग्रॅम, दोन्ही वजनेच, पण शेतकऱ्याने तागडीत टाकायचे ते २२०. पाच टक्क्यांचे औषध म्हणजे २२० ग्रॅममध्ये ११ ग्रॅम खरा घटक. पत्रकात चुकून क्रियाशील घटकाचा रकाना उचलला तर मात्रा विसाव्या हिश्श्यावर येते, अळी मरत नाही आणि दोष औषधाला लागतो. हिशेब असा: ५०० लिटरला २२० ग्रॅम म्हणजे १० लिटरला ४.४ ग्रॅम. पाठीवरचा पंप १५ लिटरचा असेल तर ६.६ ग्रॅम, २० लिटरचा असेल तर ८.८ ग्रॅम. एकरी सुमारे ८९ ग्रॅम औषध आणि २०० लिटर पाणी. पत्रकात हे पंपाप्रमाणेच छापावे. हेक्टरचा आकडा एकराला वापरला जाण्याची दुसरी भानगड त्यातून टळते.

तिसरी, अक्षरांची. एसजीमधला 'जी' ग्रॅमचा नाही, ग्रॅन्युलचा आहे, म्हणजे पाण्यात विरघळणारे दाणे. डब्ल्यूजी म्हणजे पाण्यात मिसळणारे दाणे. फिप्रोनिल ०.३ टक्के जीआर यातला 'जीआर' म्हणजे जमिनीत टाकायचे दाणेदार औषध. '०.३ जीआर'चे मराठीत '०.३ ग्रॅम' करणे ही टक्केवारीची मात्रा करून टाकणारी धोक्याची चूक आहे. नियम सोपा ठेवावा: औषधाच्या नावाला जोडून आलेली मोठी अक्षरे प्रकार सांगतात, मात्रेच्या आकड्याला जोडून आलेले छोटे 'जी' वजन सांगते.

वजनाची खूण आंतरराष्ट्रीय पद्धतीत फक्त छोटी जी आहे. जीएम, जीएमएस या खुणा पाकिटांवर दिसल्या तरी आपण लिहू नयेत. वजनाच्या जागी 'जीआर' लिहिणे तर कटाक्षाने टाळावे, कारण ती ग्रेन या जुन्या एककाची खूण आहे. एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६४.८ मिलिग्रॅम. मराठीत पूर्ण 'ग्रॅम' लिहावे, 'ग्रॅ.' असे तोडू नये.

फाइल दुरुस्त करताना

सरसकट शोधून बदलायचे असेल तर क्रम पाळावा लागतो, नाहीतर सुरुवातीला सांगितलेला किलोहरभरा होतोच. आधी मूळ फाइलीची प्रत काढून ठेवा. मग लांब नावे आधी बदला: हॉर्स ग्रॅम, बेंगाल ग्रॅम, ब्लॅक, ग्रीन, रेड, जोडून लिहिलेली रूपेही. त्यानंतर ग्रॅम फ्लोअरचे बेसन, ग्रॅम डाळीची हरभरा डाळ. नुसत्या 'ग्रॅम'ला सगळ्यात शेवटी हात लावा आणि तेव्हा सरसकट बदलू नका, एकेक ठिकाण पाहत जा. वर्डमध्ये कंट्रोल आणि एच दाबून 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली'वर खूण करा, म्हणजे किलोग्रॅम आणि प्रोग्रॅम सुटतात. एक्सेलमध्ये ती सोय नाही. तिथे पिकाचा रकाना निवडून 'मॅच एन्टायर सेल कन्टेन्ट्स' लावा, म्हणजे ज्या घरात फक्त ग्रॅम एवढेच आहे तेच बदलते.

'ग्राम पंचायत', 'ग्राम सेवक' हे रोमन अक्षरांत लिहिले की त्याचेही स्पेलिंग तेच होते. भाषांतराचे यंत्र मग 'ग्रॅम पंचायत' करते. त्यांना पहिल्याच फेरीत देवनागरी करून बाजूला ठेवणे बरे. हिंदी पत्रकावरून काम असेल तर आणखी सावध राहा. हिंदीत वजनालाही 'ग्राम' आणि गावालाही 'ग्राम'.

यंत्राला भाषांतर द्यायच्या आधी इंग्रजी मजकुरातच पिकाची नावे देवनागरीत घाला: रेड ग्रॅमच्या जागी 'तूर', हॉर्स ग्रॅमच्या जागी 'हुलगा'. यंत्र देवनागरी शब्दाला बहुधा हात लावत नाही. 'पिजन पी' किंवा 'चिकपी' घालून भागेल असे वाटते, पण मग कबुतराचा वाटाणा आणि कोंबडीचा वाटाणा निघायचा संभव असतो. चिकपीमधला 'चिक' कोंबडीच्या पिल्लाचा नाहीच. लॅटिन 'किकेर', फ्रेंच 'शीश' असा हरभऱ्याच्याच नावाचा तो प्रवास आहे. शब्द एकटा न देता पूर्ण वाक्य द्यावे. तक्त्यातले एकेक घर वेगवेगळे भाषांतरित करणाऱ्या सोयी इथे सगळ्यात जास्त चुकतात, कारण त्यांना डावा-उजवा शब्दच दिसत नाही.

जुने कागद आणि दवाखान्याचे कागद

निजामाच्या राज्यातल्या औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद जिल्ह्यांचे इंग्रजी अहवाल वाचणाऱ्यांना एक सोय आहे. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६चा. त्याआधी बाजार आणि महसूल शेर, मण, पल्ला, खंडी यांत चाले. म्हणून त्या काळच्या शेती, बाजार किंवा लष्करी खर्चाच्या कागदात 'ग्रॅम' आला तर तो वजन नसून पीक धरावे. कोणते पीक, हे मात्र तपासावे. घोड्यांच्या खुराकाची नोंद दक्षिणेकडची असेल तर हुलगा असू शकतो. हैदराबाद संस्थानात दोन्ही रिवाज शेजारी होते, तेव्हा यादीत 'हॉर्स ग्रॅम' वेगळा दिला आहे का ते बघावे. दिला असेल तर नुसता ग्रॅम हरभरा.

लघवीच्या किंवा थुंकीच्या तपासणीत 'ग्रॅम निगेटिव्ह' आले तर त्याचा वजनाशी किंवा दाण्याशी काही संबंध नाही. हान्स क्रिश्चियन ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ साली जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत प्रसिद्ध केली, तिचे ते नाव. जांभळे राहतात ते पॉझिटिव्ह, गुलाबी होतात ते निगेटिव्ह. 'निगेटिव्ह' म्हणजे जंतू नाहीत, असा अर्थ कुणी घरच्यांना सांगू नये. जंतू आहेत, ते त्या गटातले आहेत.

छापण्याआधीची तपासणी

मराठी मजकूर तयार झाला की त्यात 'ग्रॅम' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी डावीकडे पाहा. तिथे आकडा किंवा 'किलो', 'मिलि' असायला हवे. नसेल तर ते पीक राहून गेले आहे किंवा जिवाणूंच्या तपासणीतले आहे. मग 'हरभरा' शोधा आणि डावीकडे लाल, काळा किंवा हिरवा असेल तर इंग्रजी मूळ उघडा. शेवटी आकडे: बियाणे हेक्टरी १५ किलोच्या आसपास आणि पीक हरभरा, किंवा बियाणे ७० किलो आणि पीक तूर असे दिसले, तर नाव चुकले आहे.